२४ संघ, ६ खोल्या, एक दिवस : कॉलेजची क्विझ स्पर्धा बसवायची कशी?

चौथा_गडी

नमस्कार मंडळी. मी दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र. गेलं वर्षभर आमच्या क्विझ टीमचा चौथा, म्हणजे राखीव गडी होतो. खेळायला फारसं मिळालं नाही, पण सगळ्या स्कोअरशीट मीच लिहिल्या. बहुधा त्याच गुन्ह्याची शिक्षा म्हणून यंदा आंतरमहाविद्यालयीन क्विझचं संयोजन माझ्या गळ्यात पडलंय.

हातात काय आहे ते सांगतो. २४ संघांची नोंदणी झालीये, प्रत्येकी चार जण. सहा वर्ग आणि एक सभागृह मिळेल, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच. बझरचे चार संच आहेत, त्यातला एक आजारी. प्रश्न लिहिणारे माझ्यासकट पाच जण, आणि पाच आठवडे.

दरवर्षी काय होतं, तर सकाळी ३० प्रश्नांची लेखी चाचणी, त्यातून सहा संघ स्टेजवर, आणि बाकीचे अठरा संघ साडेदहाला प्रेक्षक. मागच्या वर्षी त्यातले बहुतेक दुपारी परत निघून गेले आणि फायनल रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. मला वाटतं सगळ्यांना निदान तीन सामने तरी खेळायला मिळावेत. पण हिशेब करायला बसलो की डोकं गरगरतं. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर २७६ सामने होतात!

शिवाय सर म्हणतात, ‘प्रश्न कठीण ठेव, मग स्पर्धेचं नाव होईल.’ हे खरं आहे का?

दुर्बीण

तुला अरे-तुरे करते, चालेल ना? मी स्वतः चार वर्षं खेळले, मग सहा वर्षं अशा स्पर्धा भरवल्या. त्यातल्या एका स्पर्धेची आठवण अजून झोप उडवते, ती पुढे सांगेन. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

आधी तुझ्या सरांचं. कठीण प्रश्नांनी स्पर्धेचं नाव होत नाही, शांतता होते. प्रश्न वाचून संपतो, दोन्ही संघ एकमेकांकडे बघतात, वाचणारा उत्तर सांगतो, पुढचा प्रश्न. असे लागोपाठ सहा झाले की खेळणाऱ्यांचा जीव त्यातून उडतो. प्रश्नाची सुरुवात कठीण असावी आणि शेवट सोपा. म्हणजे ज्याने विषय वाचलाय तो दुसऱ्या ओळीला बझर दाबतो, ज्याला फक्त नाव माहीत आहे तो शेवटच्या ओळीला. उत्तर मात्र बहुतेक वेळा कुणीतरी देतंच. उदाहरण देते.

‘हा शास्त्रज्ञ १८८७ साली सूर्यग्रहण पाहायला एकटाच फुग्यात बसून ढगांच्या वर गेला. एका-ॲल्युमिनियम असं नाव देऊन त्याने जागा राखून ठेवलेलं मूलद्रव्य १८७५ मध्ये सापडलं, तेच गॅलियम. अणुक्रमांक १०१ च्या मूलद्रव्याला याचं नाव दिलेलं आहे. १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडणारा हा रशियन कोण?’

मेंडेलीव्ह. आता हाच प्रश्न उलटा कर, आवर्तसारणी पहिल्या ओळीत टाक. झाली बोटांची शर्यत! आठही जणांना उत्तर येतं आणि ज्याचं बोट चपळ त्याला गुण. (त्यातला ‘एका’ हा उपसर्ग संस्कृतमधल्या ‘एक’वरूनच घेतलेला आहे, म्हणून मराठीत वाचताना वाचणारा तिथे हमखास अडखळतो. तालीम करून घे.)

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मराठीत ‘कोण’, ‘कोणता’, ‘कुठे’ हे वाक्याच्या शेपटीला येतात. वाचणारा दोन ओळी वाचतो आणि खेळाडूला पत्ताच नसतो की माणूस विचारलाय, ग्रंथ की नदी. त्याने मध्येच बझर दाबून ‘गॅलियम’ म्हटलं तर चूक त्याची नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘हा शास्त्रज्ञ’, ‘या नदीच्या’, ‘या संकल्पनेचा’ असं आलंच पाहिजे. ही एक सवय लावलीस तर निम्मी भांडणं तिथेच संपतात.

पहिली खूणही एकाच उत्तराकडे बोट दाखवणारी हवी. आमच्या एका मुलाने मेरी क्यूरीवरचा प्रश्न ‘या व्यक्तीला दोनदा नोबेल मिळालं’ असा सुरू केला होता. समोरच्या संघातल्या मुलीने तिथेच बझर दाबला आणि म्हणाली, जॉन बार्डीन. आता तिला चूक कसं म्हणणार? बार्डीन आहे, पॉलिंग आहे, सँगर आहे, २०२२ पासून शार्पलेसही आहे. ‘दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल’ म्हटलं असतं तर फक्त क्यूरी उरली असती. दोन-तीन शब्दांचा फरक.

आता वेळापत्रक. २७६ विसर. चार-चार संघांचे सहा गट पाड, प्रत्येक गटाला एक वर्ग. चार संघांत सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हणजे सहा सामने. एका वर्गात एका वेळी एक सामना, म्हणजे सहा फेऱ्या. साखळीत फक्त बझरचे २० प्रश्न ठेव, बोनस (म्हणजे बझरचं उत्तर बरोबर देणाऱ्या संघालाच मिळणारे जादा प्रश्न) नको. बरा वाचणारा असेल तर १५ ते २० मिनिटांत उरकतं, तू २५ धर. अडीच तास झाले. प्रत्येक संघ तीन सामने खेळला. मग सहा गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकांतले उत्तम दोन, असे आठ. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. या तीन फेऱ्यांत बोनस ठेव. एकेका फेरीला ४० मिनिटं धरलीस तरी दोन तास. मधली जेवणाची सुट्टी, तक्रारी आणि उद्घाटनाची भाषणं धरूनही पाचच्या आत बसतं. भाषणं धरायला विसरू नकोस, तीच सगळ्यात जास्त खातात.

एक नियम मात्र पाळायचाच. एका फेरीत सहाही वर्गांत एकच प्रश्नसंच वाचला गेला पाहिजे. पहिल्या फेरीत संच १, दुसरीत संच २, असं. मग ज्या संघाची विश्रांती आहे तो मागे बसून ऐकत असला तरी बिघडत नाही, कारण तो संच परत वापरायचाच नाहीये. आणि ‘उत्तम दोन उपविजेते’ ठरवताना गटागटातल्या गुणांची तुलना करता येते ती याच्याच जोरावर. मात्र सहाही फेऱ्यांमध्ये मिळून सगळ्या संघांनी सारखेच प्रश्न ऐकलेले नसतात, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर होत नाही. संचांची काठिण्यपातळी सारखी ठेवलीस की चालून जातं.

गुण साधे ठेव. बरोबर १०. प्रश्न संपायच्या आत दाबून चुकलं तर वजा ५, आणि समोरच्या संघाला उरलेला प्रश्न पूर्ण ऐकवायचा. प्रश्न संपल्यावर चुकलं तर शून्य. बझरच्या प्रश्नाला आपसात कुजबुज नाही, दाबणाऱ्यानेच उत्तर द्यायचं. बोनसला चौघांनी चर्चा करायची आणि कर्णधाराने बोलायचं, तीन उपप्रश्न प्रत्येकी १०.

झोप उडवणारी गोष्ट आता. २०२३ ची स्पर्धा. मार्चमध्ये मी स्वतः प्रश्न लिहिला : सूर्यमालेत सर्वाधिक ज्ञात चंद्र असलेला ग्रह कोणता? उत्तर, गुरू. त्या वेळी ते बरोबर होतं. फेब्रुवारीत गुरूच्या चंद्रांची संख्या ९२ झाली होती आणि तो शनीच्या ८३ च्या पुढे गेला होता. म्हणूनच तर मला प्रश्न आवडला, ताजी बातमी! स्पर्धा ऑगस्टमध्ये. मधल्या मे महिन्यात शनीच्या एकदम ६२ नव्या चंद्रांची भर पडली आणि तो १४५ वर गेला. मी कागद उघडूनही पाहिला नाही.

उपांत्य सामना. एका संघाने मध्येच दाबून ‘शनी’ म्हटलं, वजा ५. दुसऱ्याने ‘गुरू’ म्हटलं, अधिक १०. हा दुसरा संघ शेवटी २० गुणांनी जिंकला. हरलेल्या संघातला मुलगा शांतपणे म्हणाला, मॅडम, शनीच बरोबर आहे. आम्ही ‘नंतर बघू’ म्हटलं, कारण सभागृहात पाहुणे येऊन बसले होते. आम्ही बघितलं तेव्हा फायनलचे आठ प्रश्न होऊन गेले होते. वजा ५ जाऊन अधिक १० म्हणजे त्यांचे १५ वाढणार, समोरच्यांचे १० जाणार, पंचविसाची उलथापालथ. निकाल उलटा होता. आणि आम्ही तो तसाच ठेवला.

मी त्या मुलाला निरोप देतानासुद्धा नीट काही बोलू शकले नाही. त्याला अजून मेल लिहायचा राहिलाय.

म्हणून माझा नियम : तक्रार त्या सामन्याची बेरीज जाहीर होईपर्यंत लेखी द्यायची, आणि पुढची फेरी तिचा निकाल लागल्याशिवाय सुरू होत नाही. पाहुणे ताटकळले तर ताटकळू देत. ज्या तक्रारीने निकाल बदलत नाही ती बाजूला ठेव, त्यात वेळ घालवू नकोस. निकाल देणारी व्यक्ती प्रश्न लिहिणाऱ्यापेक्षा वेगळी हवी. मी त्या दिवशी दोन्ही होते.

तारजोडणी

बझरबद्दल थोडं. आजारी संच आदल्या दिवशी दुरुस्त होईल या भरवशावर राहू नका. तुम्हाला साखळीत सहा लागतील आणि आहेत तीन.

मोबाईलवरचे बझर वापरायचा मोह होईल. टाळा. कुणाचा फोन कुठल्या नेटवर्कवर आहे यावर कोण आधी ते ठरतं, आणि ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा तीन वर्गांत सरळ टेबलावर हात आपटायला सांगा. गंमत नाही, सरावाच्या सामन्यांत बरेच जण असंच खेळतात. दोन संघांना वेगवेगळ्या आवाजाच्या घंटा दिल्या तरी चालेल, फक्त मग कुठल्या खेळाडूने वाजवली ते बघायला एक माणूस उभा करावा लागतो. पण एकाच गटाचे सगळे सामने एकाच पद्धतीने खेळवा, म्हणजे गटातल्या गटात अन्याय होत नाही. चांगले संच बाद फेरीला राखून ठेवा.

तपासणी अशी करा : आठही बटणं एकेक करून दाबा, मग मुद्दाम दोन-दोन एकदम दाबा. एकच दिवा लागला पाहिजे आणि रीसेट होईपर्यंत दुसरा लागता कामा नये. दोन लागले तर तो संच बाद, दया दाखवू नका. वायर जमिनीवरून जात असेल तर चिकटपट्टीने दाबून टाका. मी एक उपांत्य सामना फक्त कुणाचा तरी पाय अडकून बंद पडलेला पाहिलाय.

मागचा_बाक

दुर्बीण ताईंचं सगळं पटलं, पण स्टेज फायनलला एवढ्यात मोडीत काढू नका. वर्गात दोन संघ आणि एक वाचणारा, हे खेळणाऱ्यांना भारी वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला ती तोंडी परीक्षा वाटते. सहा संघ स्टेजवर, दृकश्राव्य प्रश्न, सभागृह भरलेलं, त्याची मजा वेगळी. मी पहिल्या वर्षी अशीच एक फायनल मागच्या बाकावरून पाहिली आणि या नादाला लागलो.

फक्त ‘ज्याचा प्रश्न त्याला, नाही आला तर पुढच्याला पास’ ही जुनी पद्धत ठेवू नका. त्यात कच्च्या संघाच्या पुढच्या खुर्चीवर बसलेल्याची चंगळ होते. आम्ही एकदा चांगल्यापैकी तगड्या संघाच्या पुढे बसलो होतो, अख्ख्या राउंडमध्ये आमच्याकडे एकच पास आला. चिठ्ठीत जी खुर्ची निघाली तिने निकाल लावला. इन्फिनिट बाउन्स ठेवा : ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्यापासून पुढचा प्रश्न सुरू. अर्धे प्रश्न घड्याळाच्या दिशेने, अर्धे उलटे. वर पाउन्स ठेवला, म्हणजे बाकीच्यांनी चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, बरोबर आलं तर गुण आणि चुकलं तर वजा, की ज्याला येतंय त्याला वाट बघत बसावं लागत नाही.

दुर्बीण

मागचा_बाक, तुमचं अर्धं मान्य. अंतिम सामना सभागृहात व्हावा, प्रश्न पडद्यावर नको पण गुणफलक पडद्यावर हवा, आणि हरलेले बावीस संघ थांबतील असं काहीतरी हवं. पण सहा संघांची फायनल ठेवली तर उपांत्यपूर्व फेरीचं करायचं काय? साखळी खेळवून शेवटी पुन्हा खुर्च्यांच्या चिठ्ठ्या काढणं मला जमणार नाही. दोन संघांचा सामनासुद्धा प्रेक्षक बघतात. अमेरिकेत कॉलेज बोल १९५३ मध्ये रेडिओवर सुरू झाला, १९५९ पासून टीव्हीवर आला, त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये १९६२ पासून युनिव्हर्सिटी चॅलेंज. चार विरुद्ध चार, बझर आणि बोनस, बाकी काही नाही. लोकांनी ते घरी बसून बघितलं.

चौथा_गडी

सगळ्यांचे खूप आभार. दुर्बीण ताई, ऑगस्टची गोष्ट वाचून मी आमच्या संचातला शनीचा प्रश्न लगेच उघडला. आमच्याकडे उत्तरात ‘१४५ चंद्र’ लिहिलंय!

हिशेब केला : साखळीचे सहा संच, बाद फेरीचे तीन, एक राखीव. दहा संच गुणिले २० म्हणजे २०० बझर-प्रश्न. पाच जणांत ४० प्रत्येकी, आठवड्याला ८. बोनसचे तीन संच म्हणजे ६० त्रिकुटं, प्रत्येकी १२. जमेल असं वाटतंय. अडचण वेगळीच आहे. आम्ही पाचपैकी तिघं विज्ञानवाले. पहिल्या आठवड्यात जमलेल्या ४० प्रश्नांपैकी २३ विज्ञानाचे निघाले आणि त्यातले ११ भौतिकशास्त्राचे. (माझे ८.) आणि दुसरं, पारिभाषिक शब्दांचं काय करायचं? कुणी मराठीत उत्तर देईल, कुणी इंग्रजीत.

दुर्बीण

१४५ खोडून टाक. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली, २७४ झाले. आकडा उत्तरात कशाला हवाय? ‘शनी’ एवढं पुरे, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री परत बघ. त्याहून बरं म्हणजे प्रश्नच काढून टाक. ज्याचं उत्तर बदलू शकतं असा प्रश्न लिहायची खाज सगळ्यांना असते.

विषयांची वाटणी संचाच्या पातळीवर कर, प्रश्न लिहायच्या आधी. माझी अशी असायची : २० पैकी विज्ञान-गणित ५, इतिहास ४, साहित्य ४, भूगोल २, कला-संगीत २, तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्रं २, उरलेला १ वाटेल तो. तुझे आठ भौतिकशास्त्राचे प्रश्न दहा संचांत एकेक पसरतील, वाया जाणार नाहीत. साहित्याचे ४० कुठून आणायचे ते बघ. मराठी किंवा इतिहास विभागातली दोन माणसं आजच पकड, त्यांना ‘प्रश्न लिहा’ म्हणू नकोस, ‘दहा उत्तरं द्या’ म्हण. उत्तर ठरलं की खुणा तुम्ही मिळून काढा. आणि प्रश्न लिहिणारा जर यजमान संघाचा मित्र असेल, तर तुमच्या कॉलेजचा संघ या वर्षी खेळत नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

भाषेचं सोपं आहे आणि नाहीही. नत्र म्हणा की नायट्रोजन, दोन्ही बरोबर, पण ते उत्तरपत्रिकेत छापलेलं असलं पाहिजे, वाचणाऱ्याच्या दयेवर नको. प्रत्येक उत्तराखाली तीन गोष्टी : काय चालेल, काय आलं तर ‘आणखी नेमकं सांगा’ म्हणायचं, काय अजिबात चालणार नाही. तू भौतिकशास्त्राचा आहेस म्हणून तुझ्याच विषयातलं सांगते. उत्तर ‘चाल’ आहे आणि मुलगा ‘वेग’ म्हणाला. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच. पुस्तकात वेगाला दिशा असते, चालीला नसते. ‘स्पीड’ म्हणाला असता तर बरोबर, ‘व्हेलॉसिटी’ म्हणाला असता तर चूक. मग ‘वेग’ला काय करणार? हे सहा वर्गांत सहा जणांनी सहा प्रकारे ठरवलं तर तुझ्या साखळीला अर्थ उरत नाही.

आणि सगळे संच एकदा मोठ्याने वाचून घ्या. लिहिणाऱ्याने नाही, दुसऱ्याने. समोर दोन माणसं टेबल आपटायला बसव.

चौथा_गडी

काल रात्री पहिले दोन संच वाचले. लिहिलेले मी नव्हते, आपटायला मात्र मीच होतो. ४० पैकी ९ प्रश्नांवर भांडण झालं. सगळ्यात मोठं भांडण : ‘जगातलं सर्वांत मोठं वाळवंट’. उत्तरपत्रिकेत सहारा. मी आपटून अंटार्क्टिका म्हणालो, तर लिहिणारी म्हणाली, तिथे बर्फ आहे, वाळू कुठाय?

दुर्बीण

वाळवंट वाळूवर नाही, पाऊस किती पडतो त्यावर ठरतं. अंटार्क्टिकाच. तिला सहारा हवाच असेल तर ‘उष्ण’ शब्द घालायला सांग, आणि तो पहिल्या ओळीत घाल.